तिसऱ्या नंबरची टिकटिक

मित्रांनो, गाडीचं बॉनेट उघडून तुम्ही मला शोधायला लागलात ना, तरी मी सापडायचो नाही. बोटाएवढा माझा जीव. डोक्यावर पेट्रोलची नळी, बुडाखाली पेटलेलं इंजिन. असल्या जागी आयुष्य काढलेला मी एक जुना इंजेक्टर. नाव नाही, नुसता नंबर. चार भावंडांतला तिसरा.

माझं काम सांगायला सोपं आहे. माझ्या पोटात एक सुई असते. वीज आली की सुई वर उचलली जाते, तोंड उघडतं आणि पेट्रोलचा बारीक फवारा इंजिनात जातो. वीज गेली की सुई खाली, तोंड बंद. दर वेळी टिक असा आवाज होतो. गाडी पळायला लागली की टिक टिक टिक, श्वास घ्यायलाही फुरसत नाही. तुम्ही जेवताना तोंडातून फवारा उडवलात तर पाठीत धपाटा बसतो. मला त्याचीच शाबासकी मिळायची.

कारखान्यात जन्मलो, तेव्हा मी अगदी साधा होतो. एका औषध कंपनीच्या विक्रेत्याच्या गाडीत लागलो. बिचारा सावकाश चालवायचा, उताराला गिअर काढून पेट्रोल वाचवायचा. माझं तोंड अर्धं उघडलं तरी त्याचं भागायचं. ती गाडी भंगारात गेली. तिथून मला आणि माझ्या भावांना उचललं ते हाफिजनं.

हाफिजचं गॅरेज पनवेलला उरण नाक्याजवळ. तरुणपणी तो शारजाला होता, तिथल्या शर्यतीच्या गाड्यांवर हात बसलेला. परत आल्यावर त्यानं इथे शटर उघडलं. वरच्या मजल्यावर घर, बायको सुरैय्या आणि मुलगी अरीबा. त्याचा शाळेतला दोस्त विनायक. विनायक बंदरातल्या एका कंटेनर कंपनीत नोकरीला, पण जीव सगळा गॅरेजमध्ये. त्याच्याकडे एक लाल गाडी होती. दिसायला साधी, आतून हाफिजनं टर्बो बसवून वाघ केलेली. वाघाला जास्त खायला लागतं, म्हणून आमची गरज पडली.

हाफिजनं आम्हाला तळोज्याच्या एका टूलरूममध्ये नेलं. तिथे केसाएवढ्या तारेनं, विजेच्या ठिणगीनं, आमची भोकं मोठी केली. दुखलं का विचारू नका. तुम्ही कान टोचून घेता ना, तसंच. परत आल्यावर हाफिजनं सोनाराचं भिंग डोळ्याला लावून आमची तोंडं तपासली. भोकाच्या कडेला धातूचं बारीक कुसळ राहिलं असेल तर फवारा तिरका जातो. मग आमच्या गळ्यात नवीन रबरी कड्या घातल्या, कड्यांना बोटानं ऑइल लावलं, आणि आम्हाला जागेवर दाबून बसवलं. हातोडी नाही, जबरदस्ती नाही. बाळाला टोपी घालावी तसं. चावी फिरवून आधी नुसतं वाकून हुंगलं, कुठे पेट्रोल गळतंय का. मग गाडी चालू केली.

आणि मग तो ऐकायचा.

ही त्याच्या गॅरेजची रीत होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो आमच्या अंगावर टेकवायचा आणि मूठ आपल्या कानाच्या मागच्या हाडाला. तेवढा वेळ अख्खं गॅरेज गप्प. रेडिओ बंद. वेल्डिंगवाला काशिराम, मूळचा गव्हाणचा, तो ग्राइंडर बंद करायचा. चहावाला ग्लास एकमेकांना लागू द्यायचा नाही. हाफिज एकेकाची टिकटिक ऐकायचा, आणि शेवटी नुसती मान हलवायचा. मान उभी हलली की गाडी पास. आडवी हलली की इंजेक्टर बाहेर. नाक्यापासून नेरे गावापर्यंत पोरं सांगायची, ही गाडी हाफिजचाचाच्या कानातून गेलीय.

त्या दिवशी आमच्या चौघांसाठी मान उभी हलली. त्याच्या कानात मी बोललो आणि त्याला कळलं, मित्रांनो, ह्यापेक्षा मोठं कौतुक मला आयुष्यात मिळालं नाही.

पुढची वर्षं मजेची. विनायक गाडी पळवायचा, हाफिज शेजारी बसून शिव्या द्यायचा. विनायक एक नंबरचा टवाळ. आवाज बदलून हाफिजला फसवायचा त्याला नाद. कधी आरटीओचा साहेब व्हायचा, कधी मोरा बंदरावरचा मासळीवाला होऊन सांगायचा की होडीला टर्बो बसवून द्या. हाफिज न वळताच म्हणायचा, ‘विन्या, तुझ्या गाडीपेक्षा तुझं तोंड जास्त पेट्रोल खातं.’ आणि दोघं एवढे हसायचे की वरून सुरैय्या विचारायची, काय सांडलं का.

मग विनायकला मुलं झाली, बढती झाली, गाडीवर ताडपत्री पडली. आम्हाला काढून हाफिजनं एका खजुराच्या डब्यात ठेवलं. डब्यात पडून राहणं वाईट. आतलं उरलेलं पेट्रोल हळूहळू सुकतं आणि त्याचा गोंद होतो. माझ्या सुईला तो गोंद धरायला लागला. मला कळत होतं. पण वीज नसताना इंजेक्टरला आवाज नसतो.

त्या डब्याच्या अर्धवट लागलेल्या झाकणातूनच मी पुढची गोष्ट पाहिली.

संध्याकाळची वेळ. हाफिज पाठमोरा बसून कानस चालवत होता. विनायक ऑफिसातून येऊन दबक्या पावलांनी मागे उभा राहिला आणि जाड हिंदी आवाजात म्हणाला, ‘सेठ, हवाई जहाज का सर्विसिंग करते क्या?’

हाफिज कानस चालवत राहिला.

विनायकनं आवाज वाढवून पुन्हा विचारलं. हाफिज कानस चालवत राहिला. मी विनायकचं तोंड बघत होतो. त्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं तिथेच सुकलं. पलीकडे काशिराम उभा होता, त्यानं खाली बघितलं. शेवटी विनायकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाफिज दचकला, वळला आणि खळखळून हसला. म्हणाला, ह्या वेळेस फसवलंस मला, मान गए. विनायकही हसला.

खरं सांगतो, सगळं नुकसान त्या हसण्यापासून सुरू झालं.

कारण त्यानंतर सगळेच सांभाळायला लागले. गिऱ्हाईक काही बोललं की विनायक तेच मोठ्यानं परत बोलायचा, जणू त्यालाच मजा वाटतेय. काशिराम फोन उचलायचा. वरती सुरैय्या जेवायला बोलवायची ती दिव्याचं बटण खालीवर करून, आणि हाफिजनं विचारलं तर म्हणायची, बटण ढिलं झालंय. हाफिज ते बटण उघडून बसायचा. बटणात काही नसायचं. सगळ्यांचं प्रेम खरं होतं. पण त्या प्रेमात हाफिज एकटा पडला होता. त्यालाही आतून कळत होतं, आणि त्याला वाटत होतं की बाकी कुणाला कळलेलं नाही.

एकटी अरीबा भांडायची. ती नुकतीच नोकरीला लागली होती, जिभेला हाड नाही. विनायकला जिन्याखाली गाठून म्हणाली, ‘विनायककाका, अब्बूंना कानाच्या डॉक्टरकडे नेऊ या. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.’

विनायक म्हणाला की सांगतो, पण आत्ता नको. त्याचं कारण असं. खांदा कॉलनीतलं एक गिऱ्हाईक गाडी परत घेऊन आलं होतं. त्याच्या गाडीतला बिघाड हाफिजनं ऐकून पास केला होता. त्या माणसानं गावभर केलं की चाचांना आता जमत नाही. गिऱ्हाईकं कमी झाली. हाफिज शटर उघडून रिकामा बसायला लागला, आणि रिकामा बसलेला हाफिज म्हणजे बंद पडलेला पंखा. विनायकनं ठरवलं, लाल गाडी पुन्हा बांधायची. रसायनीच्या पुढे एका बंद कारखान्याच्या लांब रस्त्यावर जुन्या गाड्यांची धाव होणार होती, सगळे गाडीवेडे जमणार होते. तिथे हाफिजच्या हातची गाडी पळाली की लोकांची तोंडं बंद. मग सावकाश कानाचं सांगू.

अरीबा म्हणाली, बरं, पण मग इंजेक्टर कळंबोलीला मशीनवर तपासून आणा.

तिथे मशीन होतं. इंजेक्टर लावायचे, खाली काचेच्या नळ्या, कोण किती पेट्रोल देतो ते डोळ्यांना दिसतं. लपवाछपवी नाही. पण विनायकनं मान आडवी हलवली. म्हणाला, ‘हाफिजच्या गाडीचे इंजेक्टर मशीनवर गेले, हे एकाला जरी कळलं तरी संपलं. त्याच्या कानाचा अपमान मी नाही करणार.’

मित्रांनो, मी डब्यात होतो. मी ओरडत होतो, मला न्या रे त्या मशीनवर. पण वीज नव्हती.

मग आमची पाळी आली. हाफिजनं डबा उघडला आणि आम्हाला तळहातावर घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, माझे शेर. औषध मारून धुतलं, भिंग लावलं, नव्या कड्या घातल्या. छोट्या बॅटरीची वायर लावून आमची तोंडं उघडून फवारा पाहिला. माझा फवारा चांगला होता. तोंड स्वच्छच होतं माझं. दुखणं आत होतं, सुईला. ते डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त आवाजात कळतं.

तसंच हळुवार दाबून त्यानं आम्हाला बसवलं. वाकून हुंगलं. गाडी चालू केली. काशिरामनं ग्राइंडर बंद केला. विनायकनं रेडिओ बंद केला. अरीबा जिन्यावर उभी होती, तिनं दुपट्टा तोंडावर धरला.

स्क्रू ड्रायव्हर पहिल्यावर टेकला. दुसऱ्यावर टेकला. मग माझ्यावर.

मी जीव तोडून बोललो. टिक नाही येत होतं माझं. ठक... ठक... असं येत होतं, जडशीळ, पायाला चिखल लागलेल्या माणसासारखं. ज्या कानानं मला एके काळी पास केलं, त्याला हे झोपेत कळलं असतं. मी म्हणत होतो, चाचा, मी नापास आहे, मला काढा. नुसता इंजिनाचा हादरा मुठीतून त्याच्या हाडाला लागत होता, बाकी काही नाही. मला ते त्याच्या हातावरून कळलं. हात माझ्यावरून हलेना.

तेव्हा हाफिजनं वर बघितलं. विनायकच्या चेहऱ्याकडे. विनायकला ऐकू येतं, काही चुकत असतं तर ह्याचं तोंड पडलं असतं, असं त्याच्या मनात असणार. आणि विनायक बघत होता हाफिजच्या चेहऱ्याकडे. हाफिजला एवढं तरी ऐकू येत असेल, नाहीतर तो एवढा वेळ थांबला नसता, असं त्याच्या मनात. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग विनायक हसला आणि अंगठा वर केला.

हाफिजची मान उभी हलली.

धावेच्या दिवशी रस्ता कोरडा होता, माणसं दोन्ही बाजूंनी. हाफिज इस्त्रीचा शर्ट घालून रेषेपाशी उभा. पोरं त्याला सलाम करत होती, विनायक गाडीत बसल्याबसल्या सगळ्यांना सांगत होता की बघा म्हाताऱ्याची करामत. सावकाश चालताना मी कसंबसं भागवलं होतं. पण विनायकनं पाय दाबला, टर्बो फुंकायला लागला, आणि इंजिनानं जेवढं मागितलं तेवढं माझ्याच्यानं देववेना. सुई गरम होऊन अडकली. माझ्या वाट्याच्या खोलीत पेट्रोल कमी, आग जास्त. माझ्या खालचा पिस्टन मेणासारखा वितळला. मी तो वितळताना पाहिला. बॉनेटमधून धूर निघाला, गाडी घरंगळत बाजूला गेली आणि थांबली. विनायकला काही झालं नाही. गर्दीत कुणीतरी म्हणालं, चाचांचा कान.

हाफिजला ते ऐकू गेलं नाही. पण सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळलेली त्याला दिसली.

पुढे त्यानं इंजिन स्वतः उघडलं. कुणाला हात लावू दिला नाही. पिस्टनचं भोक बघून माझ्याकडे बघितलं. मग आम्हा चौघांना फडक्यात बांधलं आणि स्कूटरवरून कळंबोलीला आला. एकटा. मशीनवर रंजिता नावाची मुलगी काम करत होती. तिनं आम्हाला लावलं, बटण दाबलं. तीन नळ्या सारख्या भरल्या. माझी अर्ध्याच्याही खाली राहिली.

ती त्याला म्हणाली, ‘काका, हा तिसरा बघा. नुसता आवाजावरून कळतंय, ठक ठक करतोय. ऐका ना.’

हाफिज काचेच्या नळीकडे बघत राहिला. तिनं पुन्हा हाक मारली, हातानं खूण केली. तेव्हा तो वळला आणि म्हणाला, ‘बेटा, मला ऐकू येत नाही.’

जन्मात पहिल्यांदा त्यानं हे तोंडानं कबूल केलं. घरात नाही, दोस्ताला नाही. एका परक्या मुलीला. तिनं स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. मला मशीनच्या पाण्यात टाकून थरथरवलं, जुना गोंद सुटला, आणि काय सांगू, मी पुन्हा टिक टिक बोलायला लागलो. तिनं हसून बोटानं खूण केली, आता ठीक. हाफिज मान हलवत बसला.

गॅरेजमध्ये विनायक वाट बघत होता. बॉनेटमध्ये डोकं घालून त्यानं नेहमीसारखं सुरू केलं, की गाडीच म्हातारी, त्यात दोष कुणाचा, तिला आता वृद्धाश्रमात घालू या. हाफिजनं फडकं टेबलावर ठेवलं.

‘तोंड दाखवून बोल, विन्या.’

विनायक बाहेर आला.

‘तुला कधी कळलं?’

विनायक खोटं बोलण्यात पटाईत माणूस. पण ह्या वेळी खोटं बोलला नाही. कानशीच्या त्या संध्याकाळचं सांगितलं. काशिराम कोपऱ्यातून म्हणाला, ‘आमाला पन ठावं व्हतं, चाचा.’ हे मात्र हाफिजच्या पाठीमागून बोलला, त्यामुळे हाफिजपर्यंत ते पोचलंच नाही.

‘एवढे दिवस हसत होतास तू,’ हाफिज म्हणाला.

‘हसत नव्हतो रे. सांभाळत होतो तुला.’

हाफिज त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाला, ‘लांबून दोन्ही सारखंच दिसतं, विन्या. मला आता फक्त तोंडं हलताना दिसतात. कुणी हसलं की ते माझ्याबरोबर हसतंय की माझ्यावर, हे मी तुझ्या तोंडावरून ठरवायचो. आता कुणाच्या तोंडावरून ठरवू?’

विनायक खाली बसला. हाफिजही बसला. एकमेकांवर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता हाफिजच्या कानांत यंत्रं आहेत, अरीबानं त्याला नेऊन बसवून आणली. आवाज येतात, पण सगळे एकदम येतात, भांडी पडल्यासारखे. इंजेक्टर ऐकण्याइतकं बारीक त्यात येत नाही. गिऱ्हाईक आलं की तो आधीच सांगतो, मला कमी ऐकू येतं, तुमचे इंजेक्टर मशीनवर तपासून बसवतो. काही जण निघून जातात. काही जण बसतात. जे बसतात त्यांच्या गाड्या चांगल्या पळतात.

मी टेबलाच्या खणात आहे. ठणठणीत आहे, कुठलीही गाडी ओढीन. पण मला कुणी बसवत नाही. खण उघडला की हात माझ्यावरून पुढे जातो. मी रागावत नाही. एकदा ज्यानं दगा दिला, तो नंतर बरा झाला तरी हाताला आठवतं.

मित्रांनो, अशा गोष्टी सांगणारे शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, गंज लागू देऊ नका. मला जपू नका. माझ्यासारखे बाजारात ढिगानं मिळतात. तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, हाक मारल्यावर उशिरा वळत असेल, न ऐकताच हो हो म्हणत असेल, तर त्याच्याकडे बघून हसू नका आणि त्याच्यासाठी म्हणून खोटं हसूही नका. समोर बसा. तोंड दिसेल असं बसा. आणि सांगा, की तुम्हाला कमी ऐकू येतंय, चला, दाखवून येऊ. तो चिडेल. चिडू द्या. पण त्याच्या भोवती सगळ्यांना माहीत आणि तो एकटाच आत, असं करू नका.

विनायक रविवारी येतो अजून. खुर्ची ओढून हाफिजच्या अगदी समोर बसतो. सावकाश बोलतो, एकेक शब्द वेगळा करून, ओठ नीट हलवत. हाफिजला सगळं समजतं. ते मुलांचं बोलतात, गुडघ्यांचं बोलतात, मासळीचं बोलतात. चहा पितात. आणि मित्रांनो, एवढं सावकाश, एवढं सांभाळून बोलून चेष्टा करता येत नाही. विनायकनं एकदा करून बघितली. हाफिजनं शेवटपर्यंत त्याच्या ओठांकडे नीट बघितलं, मग विचारलं, ‘इथे हसायचं का?’

सुरैय्या आता वरून विचारत नाही, काय सांडलं का.